हजेरीपटात न मावणारे दुःख

छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांच्या कचेरीत मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील शेतकरी-आत्महत्यांचा तपशील जमा होतो. मयताच्या नावे जमीन किती, कर्ज कोणाचे, प्रकरण मदतीस पात्र की अपात्र, याची रीतसर नोंद होते, आणि पात्र ठरलेल्या वारसांना एक लाख रुपये मिळतात. २०१५ या दुष्काळी साली अशी प्रकरणे हजाराच्या वर गेली होती. परंतु त्याच घरातील मूल दिवसकार्य उरकून शाळेत परतते, तेव्हा हजेरीपटावर त्याच्या नावापुढे केवळ हजेरी लागते, आणि पुढे प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नाही’, ‘उद्धट’ असा शेरा पडतो. हा शेरा शास्त्रदृष्ट्या चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेंदूच्या अंतर्भागात अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा पेशीपुंज आहे. धोक्याची चाहूल लागताच तो शरीरास सावध करतो, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात, आणि विचार, संयम व एकाग्रता यांचा कारभार पाहणारा कपाळामागील भाग तेवढ्यापुरता मागे पडतो. संकट टळल्यावर सारे पूर्ववत व्हावे, हा निसर्गक्रम. पण जेथे वडील गेल्यावरही देणेकऱ्यांचा तगादा थांबत नाही आणि आईचे बोलणेच खुंटते, तेथील मुलाच्या देहात ही सावधगिरी जागतीच राहते, आणि मग चढलेला आवाज किंवा आपटलेले दार एवढ्यानेही ते मूल अंगावर धावून जाते, वर्गाबाहेर पळते, अथवा निमूट गोठून बसते. हे शेवटचे मूल ‘शहाणे’ म्हणून वाखाणले जाते, याचे मला अधिक भय वाटते.

गुरुजींनी वा बाईंनी मानसोपचारतज्ज्ञ व्हावे, अशी अपेक्षा नाही. दिवसाचा क्रम सकाळीच फळ्यावर लिहावा, त्यात बदल होणार असल्यास आधी सांगावे, चारचौघांत जाब विचारू नये, घडलेली हकिगत खोदून काढू नये, मूल सांगू लागलेच तर मात्र मध्येच तोडू नये. ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ हे वाक्य आणि ‘माझे बाबा’ हा निबंधाचा विषय उच्चारण्यापूर्वी वर्गावर एकवार नजर फिरवावी. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानेच मनाई केली आहे.

हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत प्रतिकूल घरांत वाढूनही जी सावरली, त्यांच्या आयुष्यात विश्वासाचे निदान एक तरी वडीलधारे माणूस असल्याचे त्यांना आढळले, आणि ते पुष्कळदा शिक्षक होते. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था लावली, तेव्हा शाळेचा नेमाचा दिवस हाही पुनर्वसनाचाच भाग ठरला.

आणि जेथे शिक्षकाचे बळ अपुरे पडेल, मूल जेवणझोप सोडील वा मरणाची भाषा बोलेल, तेथे विलंब न लावता १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’शी बोलावे, ही शासकीय सेवा विनामूल्य आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते.