तोरणमाळचे कातळ: खडकी पॉइंटची पायवाट

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर तोरणमाळचे पठार आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर ओलांडून सात पायरी घाटाने चढणारा रस्ता या पठारावरच्या गावात पोचतो. बहुतेक पर्यटक यशवंत तलाव, गोरखनाथाचे मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुहा आणि सीताखाई पाहतात आणि संध्याकाळच्या आत घाट उतरतात. तोरणमाळचा खडक मात्र गाडीतून दिसत नाही. तो पाहायचा तर गावातला वाटाड्या बरोबर घेऊन खडकी पॉइंटकडे चालत निघावे लागते. जाऊन-येऊन अर्धा दिवस पुरतो. एवढ्या चालीत दख्खनच्या जडणघडणीची आणि झिजेची बहुतेक सगळी रूपे नजरेखालून जातात.

तोरणमाळचे पठार लाव्हाचे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून बेसाल्टचा पातळ, वाहता रस पुन्हा पुन्हा बाहेर आला. आज त्याचे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरले आहेत, आणि महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्यांवरच वसलेला आहे. हे थर एकावर एक कसे बसले हे ज्या मोजक्या ठिकाणी पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग वाचता येते, त्यांत तोरणमाळची गणना होते. इथल्या साडेआठशे मीटरच्या आसपास जाडीच्या थरांचे नमुने तळापासून वर क्रमाने गोळा करून भूवैज्ञानिकांनी त्यांची रासायनिक तपासणी केली आहे. शेकडो किलोमीटर दक्षिणेकडच्या सह्याद्रीतील काही थरांशी त्यांचे साम्य आढळते. त्या लाव्हाचा पसारा किती अफाट होता, याची कल्पना यावरून येते.

इथली झीज समजून घेण्यासाठी एका थराची आतली रचना माहीत असावी लागते. लाव्हा वाहत असताना त्यातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतात आणि वरचा भाग थिजताना तिथेच अडकतात. त्यामुळे थराचा माथा सच्छिद्र राहतो. मधला आणि खालचा भाग सावकाश निवतो, म्हणून तो घट्ट, जड आणि काळाभोर होतो. निवताना तो आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. आकसणे सगळीकडे सारखे झाले तर या भेगांमधून पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशा खांबांसाठी प्रसिद्ध आहे. सच्छिद्र माथा लवकर कुजतो आणि त्याचा मुरूम होऊन उतार बनतो. घट्ट भाग टिकून राहतो आणि कडा बनतो. हे दोन्ही प्रकार आलटून पालटून येत असल्याने सातपुड्याचे डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार.

हे पठार इतक्या उंचावर कसे गेले, याचे उत्तर दोन नद्यांच्या खोऱ्यांत आहे. सातपुड्याच्या उत्तरेला नर्मदा आणि दक्षिणेला तापी वाहते. दोन्ही पूर्वेकडून पश्चिमेला जातात आणि दोन्हींची खोरी भूकवचातील मोठ्या भेगांच्या पट्ट्यांत आहेत. म्हणूनच भूगोलाच्या पुस्तकांत त्यांना खचदऱ्या आणि मधल्या सातपुड्याला गट पर्वत म्हटलेले असते. दोन्हीकडची जमीन खचली आणि मधला ठोकळा उंच राहिला, अशी ही मांडणी आहे. या भेगा अजून पुरत्या शांत झालेल्या नाहीत. शहादा तालुक्यातील उनपदेव आणि पुढे जळगाव जिल्ह्यातील सातपुड्याच्या पायथ्याची गरम पाण्याची कुंडे या पट्ट्याच्या जवळच आहेत. खोल जमिनीत मुरलेले पाणी तिथली ऊब घेऊन भेगांवाटे वर येते.

चालीचा पहिला टप्पा पठारावरचा, म्हणजे जवळजवळ सपाट. इथे पायांखाली तांबूस मुरूम असतो आणि त्यात जागोजागी गोल धोंडे पडलेले असतात. ते कोणी घडवलेले नाहीत, किंवा नदीने वाहून आणून गुळगुळीतही केलेले नाहीत. बेसाल्टला उभ्या-आडव्या भेगा असल्याने त्याचे चौकोनी तुकडे आधीच पडलेले असतात. पावसाचे पाणी या भेगांत शिरते आणि तुकड्याला सर्व बाजूंनी खाऊ लागते. कोपऱ्यावर पाण्याचा मारा तीन बाजूंनी होतो, कडेवर दोन आणि सपाट बाजूवर एकाच बाजूने. साहजिकच कोपरे आधी जातात आणि चौकोनी तुकडा गोल होत जातो. असा एखादा धोंडा जवळून पाहावा. बाहेरचा पापुद्रा बोटाने सुटतो आणि चुरगळला की भुकटी होते. त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा, अगदी कांद्यासारखे. खनिजांतले लोह गंजल्यामुळे बाहेरच्या पापुद्र्यांना गेरूचा रंग येतो. सगळे पापुद्रे सोलल्यावर मधोमध मुठीएवढा किंवा डोक्याएवढा निळसर काळा गाभा उरतो. त्यावर हातोडी मारली तर ती खणकन वाजते. ताजा खडक आणि पुरता कुजलेला खडक यांत एका वितीचे अंतर असते. महाराष्ट्रातील काळी माती याच कुजण्यातून तयार झाली, हे शेतकरी वाचकाला वेगळे सांगायला नको.

पठाराची कड आली की चित्र बदलते. सीताखाईपाशी जमीन एकाएकी संपते आणि खाली खोल घळ दिसते. लोककथांनी या खाईचे नाते रामायणाशी जोडले आहे. पावसाळ्यात पठारावरचे पाणी इथून धबधब्याच्या रूपाने कोसळते आणि खाईच खोदत राहते. पाणी वरच्या कठीण थराला फारसे कापू शकत नाही. ते पायथ्याचा मऊ थर पोखरते आणि त्याचा आधार गेला की वरचा कडा भेगांवर सुटून खाली पडतो. असा एकेक तुकडा ढासळत धबधबा मागे सरकतो आणि पठार दरवर्षी थोडे थोडे कमी होते. कड्यांच्या पोटातल्या कपारी बहुधा याच रीतीने होतात. वर घट्ट थराचे छत, खाली पोखरलेला मऊ भाग आणि मध्ये माणसाला बसता येईल एवढी जागा. सातपुड्यात आणि सह्याद्रीतही अशा नैसर्गिक जागा साधकांनी आणि गुराख्यांनी शतकानुशतके वापरल्या आहेत.

खडकीकडच्या वाटेवर चढउतार वाढतात आणि थरांच्या कडा डोळ्यांसमोर येतात. दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये काळ गेला, त्या काळात खालच्या थराचा माथा हवापाण्याने कुजला, आणि नंतर आलेल्या लाव्हाच्या धगीने ती माती भाजून निघाली, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. उद्रेकांमध्ये उसंत होती याचा तो पुरावा आहे. म्हणून या चालीत थांबून पाहण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली, तर हा लाल पट्टा निवडावा.

सच्छिद्र थरात बुडबुड्यांच्या जागी पांढरे ठिपके दिसतात. लाव्हा निवल्यानंतर भेगांतून झिरपलेल्या पाण्याने त्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक आणि झिओलाइट वर्गातील खनिजे भरली. भोवतालचा खडक कुजून गेला तरी गारगोटी आणि अकीक टिकतात आणि मुरमात मोकळे सापडतात. नर्मदेच्या खालच्या अंगाला, गुजरातेतील रतनपूरच्या खाणींतला अकीक मूळचा अशाच लाव्हातून सुटून आलेला आहे. हडप्पा संस्कृतीतले कारागीर गुजरातेतल्या अकिकाचे मणी घडवत, आणि खंबातला अकिकाचा उद्योग आजही चालू आहे. वाटेवरचे खडे उचलून नेण्याचा मोह मात्र आवरावा. पाहून जागच्या जागी ठेवले तर पुढच्यालाही ते दिसतात.

नंदुरबार जिल्ह्याचे आणखी एक भूवैशिष्ट्य डोंगराखालीच भेटते. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगांतच त्याचा शेवटचा भाग थिजला आणि जमिनीत उभ्या भिंती तयार झाल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक किंवा भित्ती म्हणतात. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील डाइकांचा समूह दख्खनमधील मोठ्या समूहांपैकी एक आहे. त्यातील बहुतेक भिंती तापीच्या खोऱ्याला साधारण समांतर, पूर्व-पश्चिमेच्या आसपासच्या दिशेने धावतात, आणि काहींची लांबी कित्येक किलोमीटर भरते. भोवतालचा खडक झिजला आणि भिंत टिकली, तिथे शेतांमधून सरळसोट, अरुंद टेकड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. नंदुरबारहून साक्री किंवा धुळ्याकडे जाताना त्या सहज ओळखू येतात.

वाटाड्याची गरज इथे खरोखरच आहे. पठारावर आणि उतारांवर पायवाटांचे जाळे आहे. त्या पावरा, भिल्ल, नहाल वस्त्यांतल्या लोकांनी पाड्यावरून पाड्यावर जाण्यासाठी, गुरे चारण्यासाठी आणि बाजाराला जाण्यासाठी पाडलेल्या वाटा आहेत. त्यांवर पाट्या नाहीत, आणि दोन वाटा फुटतात तिथे कोणती कड्यावर जाऊन संपते हे बाहेरच्याला कळत नाही. कुजलेला मुरूम कोरडा असला तर बोटाएवढ्या खड्यांवरून पाय घसरतो, आणि ओला असला तर शेवाळ चढलेल्या कातळावरून. कुठल्या कड्याचा काठ आतून पोखरलेला आहे, हेही स्थानिक माणसालाच ठाऊक असते. मजुरी निघण्यापूर्वीच ठरवावी आणि ती योग्य असावी. या डोंगरांत रोजगार कमी आहे, आणि वर्षातले काही महिने अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी किंवा इतर मजुरीसाठी बाहेर जातात.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चालण्याचा चांगला काळ. ऐन पावसाळ्यात धबधबे भरात असले तरी धुक्याने दरीचा काठ दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये तापीकाठच्या मानाने वर गारवा असतो, पण दुपारच्या उन्हात काळा कातळ तापतो. म्हणून सकाळी उजाडता उजाडता निघावे आणि दुपारपर्यंत गावात परतावे. थंडीच्या पहाटे गरम कपडे लागतात. पाणी बरोबरच न्यावे, कारण वाटेवरचे झरे हिवाळा सरताना आटतात. बुटांचा तळ खाचांचा असावा.

ज्यांना याहून मोठी चढण हवी त्यांच्यासाठी याच तालुक्यात अस्तंभा आहे. सुमारे १,३२५ मीटर उंचीचे हे शिखर महाभारतातील अश्वत्थाम्याशी जोडले गेले आहे आणि दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. तो डोंगर अर्ध्या दिवसात होत नाही. तोरणमाळहून परतताना मात्र सात पायरी घाटात, जागा पाहून, एकदा गाडी थांबवावी. रस्त्यासाठी तासलेल्या दरडीत काळा घट्ट थर आणि मुरूम झालेला सच्छिद्र थर शेजारी शेजारी पाहायला मिळतात.