मनाच्या दुखण्याला दवाखाना आहे

ताप आला की आपण कपाळाला हात लावून पाहतो. मन आजारी पडले तर हात कुठे लावणार? म्हणून घरची माणसे म्हणतात, "याला झालंय काय? चांगला धडधाकट आहे. नुसता आळस!"

पण तो आळस नसतो. दोन आठवडे, महिना झाला तरी मन उदास राहते. कामात, भजनात, नातवंडांत जीव रमत नाही. पहाटे तीनलाच जाग येते. भूक मरते. कुणाच्या छातीत धडधडते, उगीच भीती वाटते. पहिल्या दुखण्याला नैराश्य म्हणतात, दुसऱ्याला चिंतेचा विकार. पुष्कळदा दोन्ही एकत्र येतात. बाळंतिणीला होते, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला होते, आणि सारे बरे चालले असतानाही होते.

आपल्याकडे "मन दुखते" असे कोणी सांगत नाही. डोके दुखते, अंग दुखते, अशक्तपणा आहे, एवढेच सांगतात. मग सलाईन लावून घेतात. पैसे जातात, दुखणे तिथेच. सलाईनचा आपल्या लोकांना भारी मोह!

आमच्या आळीत एक सून बाळंतपणानंतर बाळाला जवळ घेईना. सारखी रडे. दृष्ट काढली, अंगारा लावला. दोन महिने असेच गेले. शेवटी गावच्या आशाताईंनी सासूला समजावले, "आत्याबाई, देवाला नमस्कार करा, पण हिला डॉक्टरकडेही न्या." सुनेला गोळ्या सुरू झाल्या. आता ती शेतावर जाते.

तर मंडळी, जायचे कुठे? आधी आशाताईंना किंवा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सांगा. ते पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतील. तिथे मनाच्या आजारांचे डॉक्टर असतात. चिठ्ठी नसली तरी थेट जाता येते. तिथे जाणारा वेडा ठरत नाही. तुमचे दुखणे गुप्त राखणे हे कायद्याने डॉक्टरांचे काम आहे.

जाणे जमत नसेल तर फोन करा. 14416 हा भारत सरकारचा नंबर आहे. त्याला टेलिमानस म्हणतात. तो 2022 साली सुरू झाला. पैसे पडत नाहीत. रात्री बारालाही लागतो, मराठीत बोलता येते. काय बोलावे सुचले नाही, तर "मला झोप नाही, मन लागत नाही" एवढे म्हटले तरी पुरे. पुढचे तेच विचारतात.

नुसत्या बोलण्याने काय होणार, असे काही लोक विचारतात. गोव्यात संगत नावाच्या संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून आरोग्य केंद्रांत बसवले. त्यांनी रोग्यांचे ऐकून घेतले, समजावले, गरज पडली तर डॉक्टरांकडे धाडले. सरकारी केंद्रांतले रोगी त्यामुळे जास्त संख्येने बरे झाले. हे 2010 साली छापून आले आहे.

गोळ्यांचे मात्र एक ध्यानात ठेवा. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून टाकू नका. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि दारूने झोप येते हा निव्वळ भ्रम आहे, तिने दुखणे वाढते.

कुणी "जगून काय करू" म्हणाले तर हसण्यावारी नेऊ नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पोलिसांची भीती धरू नका. 2017 च्या कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा मोठ्या ताणाखाली होता असेच धरतात, आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य आहे.

दवाखान्यात जाताना जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. घरचे एक माणूस सोबत असावे. रोग्याला स्वतः सांगता येत नाही, तेव्हा त्याची झोप, जेवण, वागणे किती दिवसांपासून बदलले हे त्या माणसाने सांगावे.