कच्च्या कागदावरचे बाण

एमबीए सीईटीला 150 मिनिटांत 200 प्रश्न असतात, त्यांतले 75 लॉजिकल रीझनिंगचे. गट निवडण्याचं कोडं आलं की मुलं ‘याला घेऊन बघू, त्याला काढून बघू’ सुरू करतात. तिथेच वेळ जातो. मी आधी अटी कागदावर उतरवायला लावते.

परवा फळ्यावर असलेलं कोडं घ्या. सात जणांतून चौघांचा संघ. आरती असेल तर बाळू नको. चंदू नसेल तर दीपा हवीच. दीपा असेल तर आरती हवी. ईशा असेल तर फिरोज हवा. सातव्या गौरीवर अट नाही.

नावांची आद्याक्षरं, मधे बाण, ‘नाही’ म्हणजे अक्षरावर काट. मग प्रत्येक बाण उलटा करायचा: बाजू बदलायच्या आणि दोन्हींकडचा होकार-नकारही बदलायचा. पहिल्या अटीतून ‘बाळू असेल तर आरती नको’ एवढंच निघतं. ‘आरती नसेल तर बाळू हवा’ हे निघत नाही. दोघंही बाहेर राहू शकतात. चंदू-दीपाचं नेमकं उलट आहे. दोघं एकदम बाहेर चालत नाहीत, दोघं आत मात्र चालतात. सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून समासात ‘दोघं एकत्र नाहीत’ किंवा ‘किमान एक’ असं लिहायला मी सांगते.

आता प्रश्न: बाळू संघात आहे, तर आणखी कोण नक्की? उलटे बाण जोडत जा. बाळू आत, आरती बाहेर, म्हणून दीपा बाहेर, म्हणून चंदू आत. इथे बहुतेकांचं उत्तर थांबतं. पण बाहेरच्या जागा तीनच आहेत आणि दोन भरल्या. फिरोज बाहेर गेला तर ईशाही जाते, म्हणजे चौघं बाहेर. तेव्हा फिरोजही नक्की. एकही संघ चाचपून न पाहता मिळालेलं हे उत्तर मला फार आवडतं.

अमेरिकेत विधी प्रवेशाच्या एलसॅटमध्ये अशा कोड्यांना 35 मिनिटांचा स्वतंत्र विभाग होता. आकृती काढणं दृष्टिहीनांना शक्य नव्हतं. त्यांच्या दाव्यात 2019 साली तडजोड झाली आणि ऑगस्ट 2024 पासून तो विभाग गेला. निर्णय योग्यच होता.

आपल्या सीईटीत ही कोडी अजून येतात. सरावाला बसाल तेव्हा प्रत्येक अटीखाली तिचा उलटा बाण लिहा, आणि पहिला प्रश्न त्यानंतरच वाचा.