प्रक्षिप्त कार्ब्युरेटर

जुन्या पोथ्यांचे पाठभेद शिकवावेत आणि स्कूटर बंद पडली की नम्रपणे बाजूला उभे राहावे, एवढाच माझा यंत्रांशी संबंध! पण टेक्सासमधल्या भाच्याने शेजारच्या एका वृद्ध बाईंकडून १९७२ ची शेव्हर्ले पिकअप घेतली आणि मला मोटारविद्येची दीक्षा मिळाली.

"यजमानांनी ठेवली तशीच आहे," असे बाई म्हणाल्या होत्या. भाच्याने त्याचा अर्थ 'कारखान्यातून आली तशी' असा घेतला. तिकडची हौशी मंडळी कारखान्याच्या भागाला 'स्टॉक' म्हणतात, बाहेरून आणून बसवलेल्याला 'आफ्टरमार्केट'. (आमच्या शास्त्रात मूळ पाठ आणि क्षेपक!) त्याने गाडीच्या सालाप्रमाणे कार्ब्युरेटरचे गॅसकेट मागवले. ते काही केल्या बसेना.

फोटो आले. कारखान्याचा रोचेस्टर क्वाड्राजेट असता, तर तळाची पुढची दोन भोके लहान नि मागची दोन चांगलीच मोठी असती. इथे चारही सारखी. खालचा मॅनिफोल्ड बिडाचा हवा, तर हा ॲल्युमिनियमचा, वर 'एडेलब्रॉक' असे ठळक ओतलेले. पोथीत ओव्या घुसवणारा स्वतःचे नाव सहसा लिहीत नाही. हा कारागीर त्या मानाने फारच सरळ!

"पण मामा, इंजिन तर नारिंगी आहे. मूळचाच रंग!"

"अरे, रंग डब्यात मिळतो. ओतलेले आकडे वाच."

इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला ब्लॉक म्हणतात. त्याच्या मागच्या कडेला, गिअरबॉक्स जोडतात तिथे, भाच्याने तारेच्या ब्रशने मळी खरवडली. एका बाजूला निघाले ३९७००१०, म्हणजे बहुधा ३५० घनइंची इंजिन. कंपनीचेच! दुसऱ्या बाजूला 'के ८ ५'. 'ए' ते 'एल' हे बारा महिने. 'के' म्हणजे नोव्हेंबर. आठ तारीख, आणि सालाचा शेवटचा आकडा पाच. १९६५ म्हणावे, तर हा ब्लॉक तेव्हा निघतच नव्हता. म्हणजे १९७५. गाडी मात्र १९७२ ची! इंजिन अस्सल, पण दुसऱ्या घरचे. पुढच्या बाजूला ठोकलेले आकडेही गाडीच्या क्रमांकाशी जुळेनात.

पोरगा हिरमुसला. सगळे काढून मुळाबरहुकूम करायचे म्हणून त्याने जुना क्वाड्राजेटही विकत आणला. मलाही ते पटले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तिचे गुण मी वर्षानुवर्षे गात आलो आहे.

मॅनिफोल्डचे बोल्ट सैल करताना बाई कुंपणापाशी आल्या. मूळचे इंजिन निकामी झाल्यावर यजमानांनी हे जुने आणून याच छपराखाली बसवले होते. कार्ब्युरेटरसाठी दर पगारातून थोडे थोडे बाजूला टाकले होते. एवढे सांगून त्या आत गेल्या.

भाच्याने बोल्ट पुन्हा आवळले. एडेलब्रॉकला बसणारे गॅसकेट मागवले. क्वाड्राजेट फळीवर खोक्यात आहे. सगळे आकडे, साले, कुठला भाग कारखान्याचा नि कुठला बाहेरचा, हे कागदावर लिहून तो कागद त्याने गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे. खाली बाईंना विचारून त्यांच्या यजमानांचे नाव घातले आहे.