ध्रुवीय वृत्तापलीकडची वीज

स्वीडनच्या उत्तर भागात, ध्रुवीय वृत्ताच्याही पलीकडे, लुले नदीवर असलेले हार्सप्रोंगेट जलविद्युत केंद्र 1950च्या दशकाच्या आरंभी कार्यान्वित झाले. तेथे पाणी सुमारे 107 मीटर खाली उतरते. या उभ्या अंतराला ‘शीर्ष’ म्हणतात आणि एवढ्या शीर्षावरून सेकंदाला एक घनमीटर पाणी पडले, की साधारण एक मेगावॉट शक्ती उपलब्ध होते. हिवाळ्यात नदी रोडावते आणि विजेची मागणी मात्र तेव्हाच वाढते, म्हणून उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचे पाणी वरच्या बाजूच्या सुओर्वा जलाशयात साठवले जाते. (त्यासाठी एका राष्ट्रीय उद्यानाचा भाग बुडाला, हे या यशोगाथेत सहसा दुय्यम ठरवले जाते.)

खरी अडचण वेगळीच होती, कारण वीज उत्तरेला आणि कारखाने व शहरे प्रामुख्याने दक्षिणेला होती. विद्युतदाब दुप्पट केल्यास तेवढ्याच शक्तीसाठी निम्मा प्रवाह पुरतो आणि तारांमधील उष्णतेची हानी एक-चतुर्थांश होते. या तत्त्वावर हार्सप्रोंगेट ते हाल्सबेरी ही सुमारे 950 किलोमीटरची, 380 किलोव्होल्टची वाहिनी 1952 मध्ये सुरू झाली. एवढ्या दाबावर चालणारी ती जगातील पहिली वाहिनी होती.