टोमॅटो प्युरी, पेस्ट आणि केचप : पाकिटात नेमकं काय असतं?

या मालिकेत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आज घेते. प्रश्न साधा आहे: बाजारात मिळणारी टोमॅटो प्युरी वापरावी का? विचारणाऱ्यांत इंदूरच्या काकू आहेत, बडोद्यात एकटा राहणारा नोकरदार मुलगा आहे, आणि बेंगळुरूत दोन लहान मुलांचा डबा भरणारी आई आहे. प्रत्येकाच्या मनात एकच शंका असते, की हे ‘पाकिटातलं’ म्हणजे वाईटच असणार. आणि गंमत अशी, की त्याच घरांत केचपची बाटली मात्र बिनधास्त जेवणाच्या टेबलावर उभी असते.

तर आधी हे समजून घेऊ की प्युरी, पेस्ट आणि केचप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टोमॅटोत साधारण ९४ ते ९५ टक्के पाणीच असतं. उरलेल्या पाच-सहा टक्क्यांत त्याची साखर, आंबटपणा, रंग, तंतू, क्षार, सगळं आलं. टोमॅटो शिजवून, साल-बिया गाळून त्यातलं थोडं पाणी आटवलं की प्युरी होते. आणखी बरंच आटवलं की पेस्ट. आपल्या एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे प्युरीत विरघळलेले घन पदार्थ किमान ९ टक्के असावे लागतात आणि पेस्टमध्ये किमान २५ टक्के.

आता केचप पाहा. त्यालाही किमान २५ टक्क्यांचीच अट आहे. आकडा तोच, पण अर्थ वेगळा, कारण केचपच्या मोजणीत वरून घातलेली साखरही धरली जाते. म्हणजे पेस्ट घट्ट असते ती टोमॅटोमुळे, आणि केचप घट्ट असतं ते बऱ्याच अंशी साखरेमुळे. मोठा चमचाभर केचपमध्ये साधारण चार ग्रॅम साखर जाते, म्हणजे चहाचा जवळजवळ एक चमचा. मुलं पराठ्याबरोबर तीन-चार चमचे सहज संपवतात. ‘टोमॅटोच आहे ना’ असं म्हणून आपण ते भाजीच्या खात्यात टाकतो. माझं मत विचाराल तर केचप हे लोणच्या-मुरांब्याच्या रांगेतलं तोंडीलावणं आहे. तेवढ्याच मानानं खावं, भाजी म्हणून नाही.

आता पेस्टची ताकद किती, याचा हिशोब करून पाहू. टोमॅटोत पाच टक्के घन धरले, तर २५ टक्क्यांच्या एक किलो पेस्टसाठी पाच किलो टोमॅटो लागतात. म्हणजे मोठा चमचाभर, १५ ग्रॅम पेस्ट ही ७५ ग्रॅम टोमॅटोच्या बरोबरीची. एक मध्यम टोमॅटोच म्हणा ना. आणि ९ टक्क्यांची २०० ग्रॅम प्युरी म्हणजे साधारण ३६० ग्रॅम टोमॅटो. हे प्रमाण लक्षात ठेवलं की दुकानात उभ्या-उभ्या ठरवता येतं, आज ताजे टोमॅटो परवडतात की पाकीट.

हा हिशोब मी मुद्दाम सांगते, कारण टोमॅटोचा भाव हे आपल्याकडचं मोठं दुखणं आहे. जुलै २०२३ आठवतो? अनेक शहरांत किलोला शंभर-दीडशेच्याही वर गेला होता. दिल्लीसारख्या ठिकाणी सरकारला सवलतीच्या दरात टोमॅटो विकायला लागले. आणि त्याच सप्टेंबरपर्यंत घाऊक भाव असे कोसळले, की तोडणीची मजुरीही निघेना. आंध्रातलं मदनपल्ले, कर्नाटकातलं कोलार, आपलं पिंपळगाव बसवंत आणि नारायणगाव या मोठ्या बाजारपेठा. तिथल्या शेतकऱ्यांना हे वर-खाली नवीन नाही. टोमॅटो कांद्यासारखा चाळीत साठवता येत नाही. पिकला की चार दिवसांत विकायचा, नाहीतर फेकायचा. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांच्यासाठी ‘ऑपरेशन ग्रीन्स’ नावाची ५०० कोटींची योजना जाहीर झाली होती, ती याच अडचणीवर. आटवून ठेवलेला टोमॅटो हा स्वस्ताईतला माल महागाईपर्यंत पोचवण्याचा मार्ग आहे. कारखान्याला तो जमतो, तसा लहान प्रमाणात आपल्या स्वयंपाकघरालाही जमतो. त्याची रीत पुढे सांगते.

आधी आरोग्याचं बोलू. टोमॅटोचा लाल रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्याचं नाव लायकोपीन. गाजराच्या रंगद्रव्याचं ते भावंड, पण शरीरात त्याचं ‘अ’ जीवनसत्त्व होत नाही. ते पेशींची झीज करणाऱ्या काही घटकांना आवर घालतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम कच्च्या टोमॅटोत ते सुमारे अडीच मिलिग्रॅम असतं, केचपमध्ये १२ आणि पेस्टमध्ये जवळपास २९. पाणी पाचपट आटलं आणि लायकोपीन मात्र दहापटीहून जास्त कसं? कारण पेस्टसाठी लावले जाणारे वाण जास्त लाल, जास्त गराचे असतात.

पण असणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. कच्च्या टोमॅटोत लायकोपीन पेशींच्या भिंतीआड अडकलेलं असतं. शिजवल्यावर, वाटल्यावर त्या भिंती फुटतात. शिवाय ते पाण्यात नाही, तेलात विरघळतं. जर्मनीतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये एक लहानसा प्रयोग केला. लोकांना ताजे टोमॅटो आणि पेस्ट अशी दोन्ही दिली. लायकोपीनचं प्रमाण सारखं, सोबत तेलही सारखं. पेस्ट खाल्ल्यावर रक्तातली लायकोपीनची कमाल पातळी अडीच पट निघाली.

आता मला सांगा, आपण रोज काय करतो? कांदा परतला की टोमॅटो घालतो आणि ‘तेल सुटेपर्यंत’ परततो. तेल सुटतं म्हणजे काय, तर टोमॅटोतलं पाणी उडालेलं असतं आणि उरलेला गर तेलात शिजू लागलेला असतो. म्हणजे आपण रोज कढईत दोन चमचे पेस्टच बनवत असतो! लायकोपीन मिळवायला यापेक्षा बरी रीत नाही. त्यासाठी गोळ्या घेण्याची गरज मला तरी दिसत नाही.

फायद्यांबद्दल मात्र हात राखून बोलायला हवं. लायकोपीन कर्करोग बरा करतं, असे संदेश फिरत असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये याबद्दलचे पुरावे तपासले. लायकोपीनच्या गोळ्यांसाठी त्यांना विश्वासार्ह आधार मिळाला नाही. टोमॅटो खाणं आणि प्रोस्टेटचा कर्करोग यांच्या संबंधाबद्दलही पुरावा फार थोडा आणि प्राथमिक आहे, असंच त्यांनी म्हटलं. त्वचेबद्दल २००१ चा एक जर्मन अभ्यास आहे: रोज ४० ग्रॅम पेस्ट आणि १० ग्रॅम ऑलिव्ह तेल दहा आठवडे घेतल्यावर अतिनील किरणांनी येणारी लाली ४० टक्क्यांनी कमी झाली. चार आठवड्यांनी काहीच फरक नव्हता. तेव्हा उन्हात जाताना टोपी, छत्री आणि पूर्ण बाह्यांचा सदरा याला पर्याय नाही.

जे नक्की आहे ते सांगते. बिनमिठाच्या पेस्टमध्ये पोटॅशियम भरपूर असतं, १०० ग्रॅममध्ये सुमारे एक हजार मिलिग्रॅम. रक्तदाब असणाऱ्यांना ते चांगलं, पण मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पोटॅशियम कमी करायला सांगितलंय, त्यांनी पेस्टचे चमचे मोजूनच घालावेत. आम्लपित्त असणाऱ्यांना आटवलेला टोमॅटो जास्त जळजळतो. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने घटतं, म्हणून कोशिंबीर बंद करू नका. आणि मुतखड्याच्या भीतीने टोमॅटो सोडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की टोमॅटोत ऑक्झॅलेट पालकाच्या मानाने फारच कमी असतं.

पाकीट घेताना पुढचं चित्र पाहू नका, मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. चांगल्या पेस्टच्या यादीत टोमॅटो आणि फार तर मीठ, एवढंच दिसतं. साखर, स्टार्च, रंग दिसला तर ठेवून द्या. मीठ असेल तर भाजीतलं मीठ तेवढं कमी करा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि आपण पापड-लोणच्यातच त्याची निम्मी मजल मारलेली असते.

वापरताना पेस्ट पाण्यात कालवून थेट रश्शात ओतू नका, कच्चट लागते. कांदा, आलं-लसूण परतल्यावर ती तेलात घाला आणि रंग विटकरी होईपर्यंत दोन-तीन मिनिटं मंद आचेवर परता. राजमा-छोल्यात टोमॅटो दाणे मऊ शिजल्यावरच घालायचा, कारण आंबटात कडधान्यं लवकर शिजत नाहीत. पावभाजी, राजमा, पनीरची ग्रेव्ही यांना पेस्ट शोभते. टोमॅटोच्या सारासाठी मात्र ताजे, गावठी, रसाळ टोमॅटोच हवेत. तो ताजा आंबटपणा पेस्टमध्ये नाही. आमटीत पेस्ट घालणार असाल तर चिंच किंवा आमसूल थोडं हात आखडून घाला.

आता घरची रीत. भाव उतरले की अंडाकृती, गराचे, पूर्ण लाल टोमॅटो तीन किलो आणा. चिरून, पाणी न घालता, झाकण ठेवून मऊ शिजवा. गार करून वाटा, गाळा आणि पसरट स्टीलच्या कढईत आटवायला ठेवा. कल्हई नसलेलं पितळ किंवा लोखंड नको, आंबटाने चव बिघडते. रस उडतो, तेव्हा वर जाळी ठेवा. तिसरा हिस्सा उरला की थेंबभर ताटलीत टाकून पाहा. भोवती पाण्याचं कडं पसरलं नाही, म्हणजे झालं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, मग वड्या काढून डब्यात भरून फ्रीजरमध्येच ठेवा. एका भाजीला एक-दोन वड्या.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगते. घरी केलेली पेस्ट ‘वर तेलाचा थर दिला की बाहेर टिकते’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारे जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतात. आम्लतेचा पीएच ४.६ च्या खाली असेल तर ते वाढत नाहीत, पण काही टोमॅटो या रेषेच्या अगदी जवळ असतात, आणि ते जिभेला कळत नाही. विकतचा पेस्टचा डबा उघडल्यावरही उरलेली पेस्ट पत्र्यात ठेवू नका. काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा, नाहीतर तिच्याही वड्या करा.

गाळणीत उरलेली सालं टाकू नका. लायकोपीन सालीत गरापेक्षाही दाट असतं. कडक उन्हात किंवा मंद ओव्हनमध्ये ती कुरकुरीत वाळवा, बिया झटकून मिक्सरमधून काढा. ही लाल पूड शेंगदाण्याच्या चटणीत, थालीपिठाच्या भाजणीत किंवा ताकाच्या मसाल्यात चमचाभर घालून पाहा.