गुत्ता आणि तावेर्न



चिपळूण तालुक्यांतील सावर्डे गांवावरून जो मुंबई-गोवा रस्ता जातो, त्यानें दक्षिणेस गेलें म्हणजे गोवें लागतें. संध्याकाळीं चारचौघांनीं पेला पुढें घेऊन बसण्याची जागा या रस्त्याच्या दोन्ही अंगांस आहे; मात्र आपल्याकडे तिला ‘गुत्ता’ म्हणत आले, आणि गोव्यांत ती ‘तावेर्न’. हा फरक केवळ शब्दांचा नव्हे.

गुत्ता म्हणजे मुळांत मक्ता. इंग्रजी अमलांत दारूविक्रीचा हक्क लिलावानें विकला जाई व चढी बोली करणारा गुत्तेदार होई. भरलेली रक्कम मुदतींत वसूल करावयाची असतां गिऱ्हाइकानें दोन घटका गप्पा मारीत बसावें, हें त्याला कसें परवडावें? प्यावें आणि उठावें! १८७८ च्या अबकारी कायद्यानें माड छेदण्यावरही कर बसला, आणि भंडाऱ्याची माडी सरकारी हिशेबांत शिरली. पुढें १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पिणें थांबलें नाहीं. तें आडोशाला गेलें.

गोव्यांत १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य असल्यामुळें हा कायदा तेथें पोहोंचला नाहीं. काजूचें झाड पोर्तुगीजांनींच ब्राझीलहून आणलेलें. त्याचीं बोंडें तुडवून काढलेला रस आंबवितात व भट्टीवर चढवितात. पहिल्या धारेची ती सौम्य उर्राक, फिरून गाळली कीं फेणी. उर्राक उन्हाळ्यापुरतीच मिळते. फेणी काचेच्या मोठ्या बुधल्यांतून वर्षभर टिकते. २००९ मध्यें काजू-फेणीस भौगोलिक निर्देशाची नोंदही मिळाली.

जुनें तावेर्न म्हणजे बहुधा मालकाच्या घराचीच दर्शनी खोली. पणजीच्या फोंताइन्यश भागांतील निवांत गल्ल्यांत अशी एखादी खोली अजून आढळते. चार बांकें, एक फळी, आणि खेड्यांत कित्येकदां शेजारीं मीठ-मिरचीही. मी दारूची तरफदारी करीत नाहीं. तिनें बसलेलीं घरें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. पण जेथें पाजणारा पिणाऱ्याच्या मुलाबाळांना नांवानिशीं ओळखतो, तेथें तिसरा पेला भरतांना त्याचा हात थोडा तरी अडखळतो. आडोशाच्या धंद्यांत ही ओळखच उरत नाहीं.

आतां गोव्यांतही तावेर्न ओसरत चाललीं आहेत. पर्यटकांसाठीं झगमगीत बार निघाले. तेथें गिऱ्हाईक रोज नवें.